डाव्या अंगाचं पुढचं चाक

गेल्या महिन्यापर्यंत हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळ नाही, मित्राजवळ नाही. देवळात जातो, पण देवाला सगळं माहीत असतं असं म्हणतात, ते मी सोयीनं धरून चाललो आणि तिथंही तोंड उघडलं नाही. आता ज्यांना आधी सांगायला पाहिजे होतं त्या दोन माणसांना सांगून झालंय. पण तेवढ्यानं भागत नाही. खोटं मी चारचौघांत बोललो होतो — मग खरं काय दार लावून, हळू आवाजात बोलायचं?

पाथरीत माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, मागं गॅरेज. दोन्ही वडलांनी उभं केलं. मी फक्त बोर्ड बदलला. लोक मला अण्णा म्हणतात. गाडीच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा मानतात — आणि मी तो मानून घेतो. हे आधी सांगतो, कारण माझं सगळं पाप या मानून घेण्यातनंच निघालंय.

यंदाच्या उन्हाळ्यात पिंगळीकडच्या एका पडीक रानात हौशी पोरांनी मुरूम टाकून ट्रॅक केला. जुन्या गाड्या घ्यायच्या, आतलं सामान काढून हलक्या करायच्या, लोखंडी पिंजरा बसवायचा आणि घड्याळ लावून पळवायच्या. उद्घाटनाला त्यांनी मला बोलावलं. शाल दिली, नारळ दिला, हातात माईक दिला आणि म्हणाले, अण्णा, ट्रॅकच्या गाडीला चाकाचे नट आणि स्टड कसे निवडायचे ते पोरांना सांगा.

सांगितलं की. का नाही सांगणार? माझ्या आवडीचा विषय तो. चाक गाडीला धरून ठेवतात ते हबमधून, म्हणजे चाक बसतं त्या तबकडीतून, बाहेर आलेले बोटाएवढे बोल्ट, त्यांनाच स्टड म्हणायचं, आणि त्यांच्यावर आवळलेले नट. इंजिन कितीही भारी असू द्या, शेवटी सगळा जीव त्या बोटाएवढ्या लोखंडावर. मी म्हणालो, रंगीत चकचकीत ॲल्युमिनियमच्या नटांना भुलू नका. काही वेळा काढघाल झाली की ते आटे सोडतात. पोलादाचे घ्या. नटाचं बूड आणि चाकाच्या भोकाची बैठक एकाच घाटाची पाहिजे. एक निमुळतं अन् एक गोल, असं चालत नाही. स्टड पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून विझवून कणखर केलेल्या पोलादाचा पाहिजे, त्याचे आटे दाबून पाडलेले पाहिजेत, कापून नव्हे. जाड चकती टाकून चाक बाहेरच्या अंगाला सरकवलं असेल तर स्टडही तेवढा लांब घ्या. ट्रॅकवर चाक तापतं, वळणावर सगळा भार तिथं येतो, म्हणून जुन्या स्टडवर भरवसा ठेवू नका, हंगाम संपला की बदला. पोरं मोबाइलवर टिपून घेत होती. मला बरं वाटत होतं.

मग सूत्रसंचालन करणाऱ्या पोरानं माझ्या हातनं माईक घेतला आणि म्हणाला, "अन् सगळ्यात महत्त्वाचं. चाक आवळायचं काम घरच्या बाईला देऊ नका. पटत नसलं तर अण्णांना इचारा."

सगळं मैदान हसलं.

मीही हसलो. शाल अंगावर होती आणि मी हसलो.

त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. घरी आलो, जेवण गेलं नाही. राग राग झाला. पण राग कुणाचा? त्या पोराचा? तो तेव्हा शाळेत असेल. त्याला ही गोष्ट कुणी सांगितली? गावानं. आणि गावाला?

ती घरची बाई म्हणजे माझी धाकटी बहीण. वैजयंता — आम्ही वैजू म्हणतो. गॅरेजात आम्ही दोघंही वाढलो. वडलांना आम्ही बापू म्हणायचो. बापूंनी दोघांनाही पाना धरायला शिकवलं, पण त्यांचा जीव तिच्या हातावर होता. माझा हात घाईचा, तिचा बेताचा. घट्ट बसलेला बोल्ट मी तोडायचो, ती सोडवायची. हे मला लहानपणापासून सलत होतं का? होतं. आज ते लपवून काय करू?

तिला सोनपेठला दिली. नवरा माणिकराव, आमचे दाजी. सोनपेठ-पाथरी लाईनवर त्यांची जीप चालायची. माणसं भरून भरून, खड्ड्याखड्ड्यांतनं, पण म्हातारी बाई मागं झोपून जायची अशी त्यांची गाडी. तेव्हा परभणीजवळ एका माळावर अशाच शर्यती सुरू झाल्या होत्या आणि आम्हा तिघांना त्याचं याड लागलं. एक जुनी छोटी गाडी घेतली. चालवायचे दाजी. सुटे भाग निवडायचो मी. चाकं वैजूची — काढणं, घालणं, आवळणं. तिच्याजवळ टॉर्क पाना होता. ठरवलेल्या जोराला नट आला की तो टक् असा बोलतो. त्याच्यापुढं आवळायचं नाही. त्या माळावर दुसरी बाई नसायची. लोक बघायला थांबायचे. काही जण कौतुकानं, बरेचसे कशाची तरी वाट बघत असल्यासारखे.

मोठ्या शर्यतीसाठी मी रुंद चाकं आणली. माझीच हौस. ती बाहेर बसवायची तर जाड चकत्या लागणार आणि मूळचे स्टड आखूड पडणार. मी सगळ्यांना सांगितलं, पुण्याहून मागवतो, पाणी दिलेल्या पोलादाचे, एकदम पक्के. दुकानात येईल त्याला सांगत होतो. महिनाभर नुसता सांगतच होतो. मागवायचं राहून गेलं.

खरंच, एवढंच झालं. राहून गेलं. आळस केला, बोलण्यातच मजा वाटत राहिली. शर्यत तोंडावर आली तेव्हा फोन केला, तर पुण्याचा दुकानदार म्हणाला, आता सणानंतरच पार्सल निघेल. तेव्हा काय करायला पाहिजे होतं? सोपं होतं. रुंद चाकं उतरवायची, मूळची साधी चाकं लावायची, जुने स्टड चालले असते. फार तर हरलो असतो. दाजींना एवढंच म्हणायचं होतं — दाजी, चुकलं, मागवले नाहीत.

ते मला म्हणता आलं नाही. बहिणीसमोर तर नाहीच नाही.

मी परभणीला गेलो आणि एका लेथवर साध्या सळईचे स्टड कापून घेतले. तिथल्या माणसानं विचारलं, "पाणी द्यायचं का याला?" मी म्हणालो, "कशाला? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावायचेत." त्याला खरं सांगितलं असतं तर त्यानं करून दिले नसते, हे मला माहीत होतं. म्हणून तर ट्रॉली म्हणालो. घरी आणून भट्टीवर तापवले आणि जळक्या ऑइलात बुडवले. साध्या लोखंडाला त्यानं बळ येत नाही, नुसतं काळंभोर होतं, अस्सल मालासारखं दिसतं. मग दुकानातल्या एका चांगल्या खोक्यात घातले. आता सांगा, याला चूक म्हणायचं का? चूक अशी ऑइलात बुडवून काळी करतात का?

वैजूनं एक स्टड हातात घेऊन फिरवून बघितला. म्हणाली, "दादा, डोक्यावर नंबर न्हाई रे याच्या." चांगल्या स्टडच्या डोक्यावर मजबुतीचा आकडा ठोकलेला असतो, बापूंनीच शिकवलेलं. मी म्हणालो, "भारी मालाला नसतो. तुला काय कळायलंय त्यातलं?" तिनं खोक्यात ठेवून दिला. माझ्यावर विश्वास होता तिचा. हबमध्ये ते स्टड मीच बसवले.

शर्यतीच्या दिवशी तिनं चारही चाकं आवळली. डाव्या अंगाचं पुढचं चाक सगळ्यात शेवटी. मी शेजारीच उभा होतो. टक्, मग समोरचा नट, टक्. सगळे नट बोलले. मी ऐकले, एकेक. ती पाना पुसत होती तेवढ्यात सासूचा फोन आला — पोरीला ताप भरलाय, कुठलं औषध द्यायचं. वैजू बोलत बोलत बाजूला गेली, परत आली ती घाबरीघुबरी. तोवर गाडी लाईनला लागली होती.

दाजी फार सुंदर चालवत होते. शेवटच्या फेरीत उजवं वळण आलं, सगळा भार डाव्या अंगावर गेला आणि चाक सुटलं. गाडीच्या पुढं पळालं ते, एकटंच. गाडीनं नाक मातीत खुपसलं, उलटली आणि दगडी बांधावर जाऊन आदळली. पिंजरा होता म्हणून दाजी वाचले. पण डावा पाय पुढच्या पत्र्यात अडकून गुडघ्यात चेंदला होता. लोक पत्रा वाकवत होते, वैजू त्यांचं डोकं धरून बसली होती, आणि मी — मी काय करत होतो? मी हब बघत होतो. सगळे स्टड मुळातून तुटलेले. साधं लोखंड कसं तुटतं ते मला कळतं. एका नजरेत कळलं.

दाजींना गाडीत घालताना शर्यत भरवणारा एक जण आला. विचारलं, "चाक कुणी आवळलं होतं?"

मी म्हणालो, "वैजूनं. फोन आला, अन् उठली मधीच."

बघा, आवळलं तिनंच होतं. फोन आला होता. उठलीही होती. खोटा शब्द एकच — मधीच. तेवढ्या एका शब्दानं काम झालं.

कुणीतरी म्हणालं, पण स्टड तुटलेत की. मी लगेच समजावलं: नट ढिला राहिला की चाक डुलतं, चाक डुललं की स्टड तुटतो. हेही खरंच आहे. अडाण्याला असं खोटं जमत नाही, त्याला माझ्यासारखा जाणता लागतो. माना डोलल्या. आणि संतापाची गोष्ट ऐका — त्या एवढ्या गर्दीत, जिथं प्रत्येक जण स्वतःला मिस्त्री समजत होता, एकानंही विचारलं नाही की स्टड कुठले होते. कुणी तुटलेला तुकडा उचलून बघितला नाही. बाईनं आवळलं होतं, एवढं पुरलं. मी आवळलं असतं तर लोकांनी आधी लोखंड बघितलं असतं. इतके दिवस ज्याची वाट बघत होते ते त्यांना मिळालं होतं, आणि ते देणारा मी होतो. तिचा सख्खा भाऊ.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ती माझ्याजवळ आली. हाताला ग्रीस, साडीला रक्त. मला म्हणाली, "दादा, तू तिथंच व्हतास. मी आवळलं व्हतं का रे? मला काईच आठवंना."

तिनं मला विचारलं. तिला स्वतःचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून माझ्याकडं मागायला आली होती. टक् आवाज माझ्या कानात अजून होता तेव्हा.

मी म्हणालो, "आता इचारून काय उपयोग?"

तुटलेले स्टड मी दुसऱ्याच दिवशी भंगारात टाकले.

पुढचं सांगायला मला जास्त लाज वाटते, कारण पुढं घाई नव्हती, गर्दी नव्हती. रोज सांगता आलं असतं. दाजींचा पाय वाचला पण वाकेना. क्लच दाबायचा पाय तो. जीप विकली. आता रान बघतात, शेळ्या पाळतात. वैजूच्या सासूनं मरेपर्यंत तिला टोचलं. आमच्या आईनंही म्हटलं, बाईच्या जातीनं नसते उद्योग केले की असंच व्हायचं. वैजूनं पुन्हा पाना हातात घेतला नाही. घराला कुलूप लावलं की ती परत येऊन ओढून बघते, पुन्हा येते, पुन्हा बघते. गॅसचं बटन बघते. लोक हसतात — मी हसताना बघितलेत. स्वतःच्या हातावरचा तिचा विश्वास मी काढून घेतला आणि वर तिलाच विसरभोळी म्हणत राहिलो.

आणि बापू. शेवटच्या आजारपणात मी त्यांचे पाय दाबत होतो. एकदा आपणहून म्हणाले, "पोरीला मी शिकवायलाच नको व्हतं. माझ्यामुळं झालं." मी पाय दाबत राहिलो. ओठावर आलं होतं का? खोटं कशाला बोलू, आलं नव्हतं. मला तेव्हा एवढंच वाटलं की, बरं झालं, यांचाही संशय माझ्यावर नाही. ते गेले ते असंच समजून गेले.

दाजी तिला कधी वाईट बोलले नाहीत. सगळं गाव त्यांचं कौतुक करायचं, किती मोठ्या मनाचा माणूस, बायकोनं पाय घालवला तरी नांदवतोय. मीही करायचो. दुकानात बसून, चहा पीत. जी चूक तिनं केलीच नव्हती तिची माफी तिला रोज ताटात वाढली जात होती, आणि तिनं ती मान खाली घालून खायची — हे मी बघत होतो.

मैदानात हसलो त्यानंतरच्या आठवड्यात सोनपेठला गेलो. दुपार होती. दाजी लिंबाखाली शेळ्यांना पाला टाकत होते, वैजू बाजेवर कुरडया पालथ्या घालत होती. मी बसलो आणि सगळं सांगितलं. पुणं, लेथ, ट्रॉली, जळकं ऑइल, खोकं, "मधीच". काही गाळलं नाही.

ती ओरडली नाही. हातातली कुरडई तशीच. म्हणाली, "फोनच्या आधी सगळं आवळलं व्हतं का काई राहिलं व्हतं? नीट सांग."

"आधी. सगळे नट. मी ऐकलं."

"बापूला सांगितलं व्हतं?"

"न्हाई."

तिनं कुरडई खाली ठेवली. जन्मभर मला अरे-तुरे करणारी माझी बहीण म्हणाली, "तुमी उठा आता. हितं बसू नका."

दाजी शेळीच्या गळ्यावर हात ठेवून उभे होते. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "पाव्हणं, पायाचं मी सोडून दिलं असतं. पण मी हिला माफ केलं म्हणून गावात मिरवलो की हो इतकी वर्षं. हिच्याच पुढ्यात." मग तिच्याकडं वळून काहीतरी बोलायला गेले, पण ती घरात गेली होती. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

तिथून मी थेट पिंगळीच्या पोरांकडं गेलो. म्हणालो, मला पुन्हा माईक द्या, पाचच मिनिटं बोलायचंय. काय बोलायचंय ते सांगितलं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. तो सूत्रसंचालन करणारा म्हणाला, "अण्णा, जाऊ द्या ना. लय जुनं झालं ते आता. कशाला उकरून काढायलाव?"

जुनं झालं! इतकी वर्षं हीच गोष्ट ताजी होती. लग्नात, पारावर, एसटीत, परवाच्या त्यांच्या कार्यक्रमात — तिच्यावर हसायला ती रोज नवी होती. तिचा दोष होता तोवर तो कधी शिळा झाला नाही. माझा निघाला तसा एका वाक्यात जुना झाला. मी त्याला हे तोंडावर सांगितलं. आवाज चढला माझा. त्यानं मान खाली घातली, पण माईक दिला नाही. मला जाणता म्हणून शाल दिली त्यांनी. खोटारडा म्हणून उभं राहायला जागा दिली नाही. माझी अब्रू राखायला आता माझ्यापेक्षा तेच धडपडतात. का? आपल्या अण्णानं असं केलं हे मानण्यापेक्षा एका बाईचं लक्ष नव्हतं हे मानणं सगळ्यांनाच सोपं जातं. मलाही तेच सोपं गेलं होतं. मग त्यांच्यावर ओरडणारा मी कोण?

म्हणून इथं लिहितोय. पाथरीचा, सोनपेठचा कुणी वाचेल, कुणी वाचून दुसऱ्याला सांगेल. सांगावं. नाव घेऊन सांगावं.

वैजूचा फोन आलेला नाही, दाजींचाही नाही. यावा असं मी म्हणत नाही. मला हलकं वाटतंय असंही नाही, वाटायला नकोच. त्या गाडीचे स्टड साध्या सळईचे होते. ते मी कापून घेतले, मी काळे केले, मी बसवले. माझ्या बहिणीनं चाक नीट आवळलं होतं — आणि चाक सुटलं त्याच क्षणी मला ते माहीत होतं.